ड्वार्फ ससा खात नाही, तेव्हा आधी लेंड्या बघा

सुदामा नगरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलीच्या वाढदिवसाला तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी दुकानातून ‘ड्वार्फ’ म्हणून सशाचं एक पिल्लू आणलं. दुकानदाराने सांगितलं की हा एवढाच राहतो. गाजर, ब्रेड आणि थोडं दूध द्या, बाकी काही लागत नाही. पिंजरा गॅलरीत आहे. कालपासून पिल्लाने गाजरही सोडलंय, लेंड्या बारीक आणि कमी झाल्यात, लघवी लालसर दिसते. आता कोणतं टॉनिक द्यावं, आणि एकटेपणामुळे उदास झाला असेल तर जोडीला दुसरा आणावा का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, टॉनिक राहू द्या, जोडीचं पुढे बोलू. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मधेच, जाता जाता लिहिली आहे: लेंड्या बारीक आणि कमी झाल्या. सशाचं आतडं मंदावलंय, एवढं त्यातून नक्की कळतं. तो उदास दिसतो तो बहुधा पोट दुखतंय म्हणून. हे उत्तर वाचून होईपर्यंत त्याने काही खाल्लं नसेल आणि बारा तासांत एकही लेंडी पडली नसेल, तर उद्या सकाळची वाट बघू नका. आज रात्रीच डॉक्टरांकडे न्या.

इतक्या ठामपणे सांगायला कारण आहे. इंदूरमध्ये लहान प्राण्यांवर उपचार करायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत टिळक नगरातून एका घरचा ससा आला होता. दुपारपासून खात नव्हता, बाकी शांत बसला होता. गाय-म्हैस-कुत्र्यांवर शिकलेल्या माझ्या डोळ्यांना तो ठीक वाटला. मी म्हटलं, उद्यापर्यंत बघू. तो सकाळी गेला. कुत्रं एक दिवस उपाशी राहिलं तर काही बिघडत नाही, तोच हिशोब मी सशाला लावला होता. ती चूक माझी होती, आणि त्या घरातल्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

सशाचं शरीर चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. ससा दिवसभर थोडं थोडं गवत चावत राहण्यासाठी घडलेला आहे. त्याच्या पोटात एक मोठी पिशवी असते, सीकम म्हणतात तिला. तिच्यात जंतू गवत आंबवतात. जाड तंतू मात्र सरळ पुढे जातात आणि त्यांच्या ढकलण्यामुळेच आतडं हलत राहतं. त्या कोरड्या, गोल लेंड्या याच तंतूंच्या. सीकममध्ये आंबलेला भाग मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखा बाहेर येतो आणि ससा तो थेट तोंडाने उचलून परत खातो. ते बघून घाबरू नका आणि त्याला अडवूही नका, त्याचं पोषण त्यातच आहे. तंतू कमी आणि पीठ-साखर जास्त झाली, की आतडं मंदावतं, चुकीचे जंतू वाढतात, गॅस होतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. सशाला उलटीही करता येत नाही. आत गेलेलं पुढेच जायला हवं.

आता ‘ड्वार्फ’चं. नेदरलँड ड्वार्फ ही खरी जात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये लहान पांढऱ्या पोलिश सशांचा रानसशांशी संकर करून ती घडवली. अमेरिकी मानकात तिचं कमाल वजन अडीच पौंड, म्हणजे साधारण 1.13 किलो. डोकं गोल, कान आखूड, मान जवळजवळ नाहीच. पण दुकानात ड्वार्फ म्हणून जे मिळतं त्यात बरीचशी साध्या जातीची, आईपासून फार लवकर तोडलेली पिल्लं असतात. ती लहान दिसतात कारण ती बाळं असतात. तुमचं पिल्लू यातलं कोणतं, ते मी न बघता सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी ते दोन किलोचं झालं तर दुकानदाराने फसवलं असं समजा, ससा तोच आहे.

जात कोणतीही निघो, आजच्या घडीला त्याचं वय जास्त महत्त्वाचं आहे. सशाच्या पिल्लाने निदान सहा, शक्यतो आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. मोठ्या सशाच्या जठरात इतकी तीव्र आम्लता असते की बहुतेक जंतू तिथेच मरतात. पिल्लाच्या जठरात ती नसते. त्याला आईच्या दुधातून तयार होणारे काही घटक सांभाळतात. महिन्याचं पिल्लू तोडलं की ते संरक्षण जातं आणि नवं अजून आलेलं नसतं. त्यात ब्रेड, गाजर आणि गाईचं दूध पडलं की काय होतं ते तुम्ही बघताच आहात. दूध आजपासून बंद. सशाची आई पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटंच पाजते. ते दूध अगदी घट्ट असतं आणि गाईच्या दुधाशी त्याची तुलनाच होत नाही.

आत्ता घरात काय करायचं ते सांगतो. आधी कान हातात घ्या. कान गरम, श्वास जोरजोरात, तोंड उघडं किंवा नाकाभोवती ओलं, असं असेल तर त्याला ऊन लागलंय. गॅलरीतून आत घ्या, साध्या गार पाण्याने कान ओले करा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेही जीव जातो. कान गार, अंग आखडलेलं, दात करकरतायत, असं असेल तर पोट दुखतंय आणि अंगातली ऊब जातेय. कापडात गुंडाळून ऊब द्या आणि निघा. सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 अंशांच्या मधलं असतं, म्हणून आपल्या हाताला तो थोडा कोमट लागणारच.

मग पोटाला हलका हात लावा. ढोलकीसारखं ताणलेलं लागलं तर तोंडाने काहीही भरवू नका. मऊ असेल आणि तो नुसताच खात नसेल, तर ताजी कोथिंबीर किंवा पुदिन्याची काडी नाकाजवळ धरा. त्यालाही तोंड लावलं नाही तर सशाच्या दाण्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ करा आणि सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे, एका वेळी अर्धा मिली एवढंच द्या. त्याने चघळून गिळलं की पुढचं. पाठीवर झोपवून भरवू नका, फुप्फुसात जातं. हे फक्त दवाखान्यात पोहोचेपर्यंतचं काम आहे. वेदना कमी करणं आणि अंगात पाणी भरणं डॉक्टरच करतील, आणि दिवसभरात किती भरवायचं तेही वजन बघून तेच ठरवतील.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नका. अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स आपण मुलांना सहज देतो. सशाला ती तोंडाने दिली की सीकममधले चांगले जंतू मारतात आणि काही दिवसांत जुलाबाने ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या पिसवांसाठी मानेवर टाकायची फिप्रोनिलची औषधंही सशाला विषारी आहेत. दवाखान्यात फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: तुमच्याकडे ससे येतात का, आणि सशाला कोणती अँटिबायोटिक्स देत नाहीत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं तर खुशाल जा. शहरात कोणी मिळालं नाही तर महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय आपल्याला दूर नाही.

लाल लघवीने बहुतेक घरं घाबरतात. सशाची लघवी पिवळी, नारंगी, विटकरी, कधी लालही असते. खाण्यातल्या रंगद्रव्यांनी असं होतं आणि दोन-चार दिवसांत बदलतं. सगळी लघवी एकसारखी लाल असेल तर बहुधा तेच. पिवळ्या लघवीत लाल ठिपके किंवा धागे दिसले, किंवा तो जोर लावून थोडी थोडी करत असेल, तर ते रक्त असू शकतं. एका पट्टीच्या तपासणीत दवाखान्यात कळतं. वाळल्यावर पांढरा खडूसारखा डाग राहतो तो कॅल्शियमचा, जास्तीचं कॅल्शियम ससे लघवीतूनच टाकतात.

तर आज रात्रीपुरतं एवढं: दूध-ब्रेड बंद, कान बघा, पोट बघा, डॉक्टर गाठा. पुढचं पिल्लू सावरल्यावर वाचा.

त्याचं जेवण म्हणजे वाळलेलं गवत. दिवसाला त्याच्या स्वतःच्या अंगाएवढा ढीग, चोवीस तास समोर. टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात, चांगली असतात, पण महाग पडतात, आणि आपल्याकडे त्यावाचून अडत नाही. पावसाळा संपताना गवत उंच होतं तेव्हा फवारणी नसलेल्या जागेवरचं कापून, सावलीत वाळवून, गोणीत मोकळं भरून ठेवा, वर्षभर पुरतं. वास गोड, उन्हासारखा यायला हवा. कुबट आला किंवा पांढरी धूळ उडाली तर फेकून द्या. डेअरीवाल्याकडे मागितलंत तर तो बहुधा गव्हाचा भुसा देईल. तो अंथरायला ठीक आहे, खायला पोकळ आहे. हिरव्यात हरळी उत्तम. खजराण्याच्या गणपतीबाहेर दूर्वांच्या जुड्या मिळतात, माझ्याकडे येणारं एक कुटुंब दर बुधवारी एक जुडी देवाला आणि एक सशाला घेतं. फक्त धुऊन, पाणी निथळून द्या. लॉनच्या मशीनने कापलेलं गवत नको, ते ढिगात तापतं आणि आंबतं.

बरसीम किंवा लसूणघास वाढत्या पिल्लाला चालते, सहा-सात महिन्यांनंतर रोज नको, कारण तिच्यात कॅल्शियम फार. पिल्लू पूर्ण सावरल्यावर पाला हळूहळू वाढवा, एका वेळी एकच नवी भाजी, चिमूटभर, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघून मग पुढे. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याची पानं, गाजराची पानं, थोडी मेथी. पालक अधूनमधून. कोबी-फुलकोबीने काही सशांना गॅस होतो. कांदा, लसूण, बटाट्याची आणि टोमॅटोची पानं अजिबात नाही. मोकळा फिरणार असेल तर कण्हेर आणि मनीप्लांटच्या कुंड्या उचलून ठेवा. दाण्याच्या गोळ्या मोठ्या ड्वार्फला दिवसाला दोन चमचे पुरतात. रंगीत बिया, मका मिसळलेला दाणा घेऊ नका. आणि गाजर! ते कंद आहे, गोड आहे. आठवड्यातून दोन-तीनदा एक पातळ चकती म्हणजे सशाची मिठाई झाली. आपल्या घरात सकाळी पोहे झाले की शेव प्रत्येकाच्या हातात असते आणि लहान मुलं प्रेमाने सशालाही देतात. मुलीला जवळ बसवून समजावा. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त कसोशीने पाळतात, हा माझा अनुभव आहे.

गवत दातांसाठीही हवं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पटाशीचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत आडवं चावून चावून दाढा झिजतात, दाण्याने तेवढ्या झिजत नाहीत. ड्वार्फ जातीचं तोंड आखूड, त्यात दातांची संख्या तीच, अठ्ठावीस. त्यामुळे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट न बसण्याची अडचण या जातीत जास्त. पुढचे दात महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा. दाढा घरी दिसत नाहीत. तोंडाशी नेलेलं तो टाकून देतो, हनुवटी ओली राहते, एका डोळ्यातून पाणी येतं, ही दाढांची खूण. नेलकटरने दात कापून देणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो.

गॅलरीबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय. इंदूरच्या रात्री गार असतात याचा आपल्याला अभिमान आहे, पण मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि स्लॅब संध्याकाळपर्यंत आग ओकतो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो कानांतून आणि श्वासातून उष्णता टाकतो. तिशीच्या आसपास त्याला त्रास सुरू होतो. ड्वार्फचे कान आखूड, म्हणजे उष्णता टाकायची जागाही कमी. एप्रिल ते जून त्याला घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, खाली कोटा दगडाची एक मोकळी फरशी द्या, आणि पाण्याची बाटली गोठवून, जुन्या टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. तो स्वतः येऊन टेकतो. कूलर कोरड्या दिवसांत छान चालतो, पण वारा सरळ अंगावर नको. आणि पाऊस सुरू झाल्यावर कूलर नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा साधा पंखा बरा. पाणी जड मातीच्या वाडग्यात द्या, नळीच्या बाटलीपेक्षा ससे वाडग्यातून जास्त पितात.

पावसाळ्यात वेगळाच धोका आहे, आणि तो फार वाईट आहे. मागचा भाग लेंड्यांनी-लघवीने भिजलेला असला की माशी तिथे अंडी घालते आणि अळ्या पडतात. एका दिवसात जखम खोल जाते. जून ते सप्टेंबर रोज दोनदा शेपटीखाली बघा. मळलं असेल तर तेवढाच भाग पुसा आणि पूर्ण कोरडा करा. आंघोळ घालू नका, कधीच. ओल्या सशाला थंडी भरते आणि घाबरून तो हातातून सुटून जखमी होतो.

घाबरणं ही सशाच्या बाबतीत साधी गोष्ट नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे, आजार लपवतो आणि भीतीनेही त्याचं आतडं थांबतं. दिवाळीच्या आठवड्यात आणि रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंगांच्या त्या मोठ्या मिरवणुकीनंतर, माझ्याकडे न खाणारे ससे हमखास येतात, राजवाड्याच्या आसपासच्या घरांतून तर जास्तच. त्या दिवसांत आतली खोली, पडदे ओढलेले, लपायला दोन बाजूंनी उघडं खोकं आणि गवताचा ढीग, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

उचलताना कान धरू नका, नुसत्या बगलेतही धरू नका. एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, आणि तो तुमच्या पोटाला टेकलेला. त्याची हाडं अंगाच्या मानाने फार हलकी आणि मागचे पाय फार ताकदीचे. हवेत लटकला आणि जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. तुमच्या मुलीला मी जमिनीवर बसायला सांगेन. मांडीवर कोथिंबीर, आणि त्याला स्वतःहून येऊ द्यायचं. दहा दिवस लागतील, महिनाही लागेल. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर त्यावर चटई किंवा गोणपाट घाला. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात, जाळीने टाचा सोलतात. रोज तीन-चार तास तरी बाहेर मोकळं पळायला हवं.

जोडीचं. हो, सशांना सोबत हवीच असते, आणि तुमची शंका मुळात चुकीची नाही. पण आत्ता नको. आजारी पिल्लाजवळ नवा ससा आणला तर दोघंही अडचणीत येतील, आणि दुकानातल्या सशांत खरजेचे किडे बरेचदा असतात: नाकावर, कानाच्या कडेला, नखांशी पांढरे पापुद्रे. शिवाय आधी हा नर की मादी ते डॉक्टरांकडून बघून घ्या, दुकानदाराचं मानू नका. लहान जाती चार महिन्यांच्या आसपासच वयात येतात, गर्भ एकतीस दिवसांचा, आणि व्यायल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. खऱ्या ड्वार्फ जोडीत आणखी एक दुःख असतं: ठेंगणेपणाचं जनुक दोन्हीकडून मिळालेलं पिल्लू फार थोडे दिवस जगतं, आणि सरासरी चारातलं एक तसं निघतं. म्हणून जोडी ठेवायची तर नराची नसबंदी करूनच. मादीचं गर्भाशय काढणं मी तिच्या स्वतःसाठीही सुचवतो, कारण चार वर्षांपुढच्या न काढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. भूल द्यायला सशांचा सराव असलेला हातच हवा. तसा डॉक्टर मिळेपर्यंत दोघांना शेजारी शेजारी, जाळीच्या दोन बाजूंना ठेवा. नाकाला नाक लावता येतं, तेवढ्यावरही ते खूश असतात.

एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी त्याच वेळी वजन लिहा. पिल्लाचं वजन वाढत जायला हवं. दोन दिवस तेच राहिलं तर लक्ष द्या, घटलं तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. दवाखान्यातून आल्यावर त्याच्या खाली पांढरं कापड अंथरा, म्हणजे पहिली लेंडी पडली की लगेच दिसेल. ती लहान आणि काळपट असेल, चालेल. हळूहळू मोठ्या, फिकट आणि आत गवताचे तंतू दिसणाऱ्या यायला लागल्या की मुलीला सांगा, आता त्याला बरं वाटतंय.